गुणाकाराचा अवकलज: दोन पदं कुठून येतात आणि नियम नेमका कुठे लावायचा

तुमचा प्रश्न असा आहे: य = (क्ष^२ + १) · साइन ३क्ष याचा अवकलज काढताना तुम्ही दोन्ही भागांचे अवकलज वेगवेगळे काढलेत, २क्ष आणि ३ कॉस ३क्ष, आणि त्यांचा गुणाकार करून ६क्ष कॉस ३क्ष असं उत्तर लिहिलंत. ते चुकलं. मग सूत्र पाठ केलंत. पण बेरजेत प्रत्येक पदाचा अवकलज घेऊन सरळ बेरीज करता येते, तर गुणाकारात तसं का चालत नाही, हे कुठेच नीट सापडलं नाही. शिवाय पदावली लांब असली की आधी गुणाकाराचा नियम लावायचा की साखळी नियम (एका फलनाच्या आत दुसरं फलन असताना वापरतात तो), यात गोंधळ होतो. आणि तीन गुणक आले तर काय करायचं, हेही विचारलंय.

सूत्र आठवत नाही ही तुमची अडचण नाहीच. एक तर त्या सूत्रातली दोन पदं कशातून येतात ते डोळ्यांसमोर येत नाही. आणि दुसरं म्हणजे समोरच्या पदावलीची बांधणी वाचायची सवय अजून झालेली नाही. या दोन गोष्टी जमल्या की बाकी नुसता सराव उरतो. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

खुणा आधी ठरवून घेऊ. चल क्ष, फलनं फ आणि ग, त्यांचे अवकलज फ′ आणि ग′. काही पुस्तकांत अवकलजाला विकलज म्हणतात, वर्गात सगळे डेरिव्हेटिव्ह म्हणतात, गोष्ट एकच: फलनाच्या बदलाचा दर. घातासाठी ^ हे चिन्ह वापरतो. ई म्हणजे २.७१८… ही संख्या, लॉग म्हणजे ई पायाचा लॉग, आणि कोन सगळीकडे रेडियनमध्ये. या शेवटच्या अटीकडे पुढे परत येऊ.

आधी चुकीचं सूत्र चुकीचं का, ते पाहू. समजा (फग)′ = फ′ग′ हे खरं आहे. मग क्ष · क्ष चा अवकलज १ · १ = १ यायला हवा. पण क्ष · क्ष म्हणजे क्ष^२, आणि त्याचा अवकलज २क्ष. यापेक्षाही बोलकं उदाहरण म्हणजे १ · ग. कुठल्याही फलनाला १ ने गुणलं तरी ते तेच राहतं. पण १ चा अवकलज ० आहे, म्हणजे या सूत्राने ग काहीही असलं तरी त्याचा अवकलज शून्यच यायचा! एवढ्यावरच ते सूत्र निकालात निघतं.

तरी एककांकडेही एकदा बघा, कारण ही तपासणी पुढे खूप ठिकाणी उपयोगी पडते. फ आणि ग या मीटरमधल्या लांब्या आहेत आणि चल म्हणजे सेकंदातला वेळ आहे असं धरा. गुणाकार हे क्षेत्रफळ, तेव्हा त्याच्या बदलाचा दर चौरस मीटर प्रति सेकंद असणार. फ′ग मध्ये मीटर प्रति सेकंद गुणिले मीटर, म्हणजे एकक जुळतं. फग′ मध्येही जुळतं. फ′ग′ मध्ये मात्र सेकंद दोनदा भागाकारात येतो. वेगळ्याच जातीची राशी आहे ती. क्षेत्रफळाच्या दराशी तिची बरोबरी होऊच शकत नाही.

हा प्रश्न पडला म्हणून संकोच वाटून घेऊ नका. कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझने नोव्हेंबर १६७५ मधल्या आपल्या टिपणांत स्वतःला नेमकं हेच विचारलं होतं, की गुणाकाराचा सूक्ष्म बदल म्हणजे सूक्ष्म बदलांचा गुणाकार का? तपासून पाहिल्यावर तसं नसतं हे त्याला दिसलं, आणि १६८४ साली त्याने आपली पद्धत छापली तेव्हा त्यात बरोबर नियम होता.

आता दोन पदं कुठून येतात ते पाहू. एक आयत घ्या. या क्षणी त्याची लांबी ८ सेंमी आहे आणि सेकंदाला ३ सेंमी या दराने वाढते आहे. रुंदी ५ सेंमी आहे आणि सेकंदाला २ सेंमी या दराने वाढते आहे. क्षेत्रफळ ४० चौसेंमी. कागदावर आकृती काढाच, मनात नको.

०.१ सेकंदानंतर लांबी ८.३ आणि रुंदी ५.२ झाली. नवं क्षेत्रफळ ८.३ × ५.२ = ४३.१६, म्हणजे वाढ ३.१६. ही वाढ आकृतीत तीन तुकड्यांत दिसते. लांबी वाढल्यामुळे बाजूला एक उभी पट्टी आली, ०.३ × ५ = १.५. रुंदी वाढल्यामुळे वर एक आडवी पट्टी आली, ८ × ०.२ = १.६. आणि दोन्ही पट्ट्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे कोपऱ्यात एक छोटा तुकडा, ०.३ × ०.२ = ०.०६. बेरीज ३.१६.

दर काढायला ०.१ ने भागा: १५ + १६ + ०.६ = ३१.६. हेच ०.०१ सेकंदासाठी केलं तर १५ + १६ + ०.०६ = ३१.०६. आणि ०.००१ सेकंदासाठी १५ + १६ + ०.००६ = ३१.००६. दोन्ही पट्ट्यांचे आकडे जागचे हलत नाहीत, कोपरा मात्र विरत जातो. त्या क्षणीचा दर ३१ चौसेंमी प्रति सेकंद, आणि तो ३ × ५ + ८ × २ असा बनलेला आहे:

(फग)′ = फ′ग + फग′

आता कोपऱ्याच्या तुकड्याकडे नीट बघा. वेळ ह असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३ह × २ह = ६ह^२. हा ६ म्हणजे ३ × २, म्हणजेच फ′ग′. तुमच्या चुकीच्या सूत्राने पकडलं होतं ते हेच. वाढीतला जो भाग सीमेत, म्हणजे ह शून्याकडे नेल्यावर, नाहीसा होतो तो ठेवला, आणि ज्या पट्ट्या उरतात त्या दोन्ही सोडून दिल्या. दोन पदं का, याचं उत्तर इथे आहे: आयताला वाढायला दोन बाजू आहेत, आणि प्रत्येक बाजू वाढताना समोरच्या बाजूची पूर्ण लांबी सोबत घेऊन वाढते.

रुंदी वाढण्याऐवजी सेकंदाला २ सेंमी घटत असती तर दर ३ × ५ + ८ × (−२) = −१ झाला असता. लांबी वाढत असूनही क्षेत्रफळ कमी होतंय. चिन्हं नियमात आपोआप सांभाळली जातात, त्यासाठी वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

सिद्धता लिहायची झाली तर हीच आकृती बीजगणितात उतरवायची. अवकलजाच्या व्याख्येत वाढीला ह ने भागतात, त्यातला अंश असा आहे:

फ(क्ष+ह) ग(क्ष+ह) − फ(क्ष) ग(क्ष)

यात फ(क्ष) ग(क्ष+ह) हे पद एकदा वजा करा आणि एकदा मिळवा:

[फ(क्ष+ह) − फ(क्ष)] ग(क्ष+ह) + फ(क्ष) [ग(क्ष+ह) − ग(क्ष)]

हे पद अचानक कुठून आलं असं वाटतं, पण आकृतीत ते आहेच. इथे कोपऱ्याचा तुकडा पहिल्या पट्टीला जोडून टाकलाय, म्हणून पहिली पट्टी नव्या रुंदीपर्यंत जाते: ०.३ × ५.२ + ८ × ०.२ = १.५६ + १.६ = ३.१६. आता ह ने भागून सीमा घ्या. पहिल्या कंसाचा फ′ होतो, शेवटच्या कंसाचा ग′ होतो, आणि मधल्या ग(क्ष+ह) चा ग(क्ष) होतो. ही शेवटची पायरी बहुतेक उत्तरपत्रिकांत कारण न देता उरकलेली असते. तिचं कारण असं: ग चा अवकलज अस्तित्वात आहे, म्हणून ग तिथे संतत (कुठे उडी न मारणारं) आहे, म्हणून ग(क्ष+ह) ची सीमा ग(क्ष) आहे. हे एक वाक्य लिहिलं की सिद्धता पूर्ण होते, नाही लिहिलं तर तिच्यात भोक राहतं.

एक बारकावा इथेच सांगतो. दोन्ही फलनांचा अवकलज त्या बिंदूला असला तरच नियम लागू होतो. नसला तर नियम गप्प बसतो, पण म्हणून गुणाकाराचा अवकलज नाहीच असं म्हणता येत नाही. क्ष · |क्ष| घ्या. ० या बिंदूला |क्ष| ला अवकलज नाही, तेव्हा तिथे नियम वापरता येत नाही. पण व्याख्येवरून पाहिलं तर ह|ह| ÷ ह = |ह|, आणि त्याची सीमा ०. अवकलज आहे, आणि तो ० आहे. ‘नियम लागत नाही, म्हणून अवकलज नाही’ असं लिहिलं की गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.

आता तुमचं उदाहरण. पहिले काही आठवडे चारही गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर लिहा, घाई करू नका:

फ = क्ष^२ + १
फ′ = २क्ष
ग = साइन ३क्ष
ग′ = ३ कॉस ३क्ष

मग जोडा:

य′ = २क्ष · साइन ३क्ष + (क्ष^२ + १) · ३ कॉस ३क्ष
य′ = २क्ष साइन ३क्ष + ३(क्ष^२ + १) कॉस ३क्ष

इथे चुकतं ते सहसा तीन ठिकाणी. ग′ मधला ३ सुटतो, कारण सगळं लक्ष गुणाकाराच्या नियमावर असतं आणि साइनच्या आतल्या ३क्ष चा साखळी नियम विसरला जातो. दुसरं, कंस सुटतो: क्ष^२ + १ · ३ कॉस ३क्ष असं लिहिलं की ३ कॉस ३क्ष फक्त १ ला चिकटतो आणि क्ष^२ उघडा पडतो. तिसरं, साइन ३क्ष हाच ‘साइन’ आणि ‘३क्ष’ यांचा गुणाकार आहे असं समजून त्यावरही नियम चालवला जातो. साइन हे कृतीचं नाव आहे, संख्या नव्हे. त्याच्या शेजारी ३क्ष लिहिलंय म्हणजे ते साइनला खायला घातलंय. गोंधळ होत असेल तर साइन(३क्ष) असा कंस घालूनच लिहीत जा.

चार ओळी वेगळ्या लिहिण्यात वेळ जातो अशी तक्रार येते. मला ती पटत नाही. ओळी मांडायला अर्धा मिनिट लागतो, आणि चूक झाली तर ती कुठल्या ओळीत आहे ते लगेच दिसतं. सगळं एका दमात लिहिलेल्या उत्तरात चूक शोधायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

आता दुसरा भाग, कुठला नियम आधी. यासाठी एकच कसोटी मी नेहमी सांगतो: क्ष च्या जागी एखादी संख्या घाला, समजा २, आणि कॅल्क्युलेटरवर किंमत काढायची झाली तर शेवटची क्रिया कोणती असेल ते स्वतःला विचारा. ती शेवटची क्रिया ज्याची, त्याचा नियम पहिला.

क्ष^२ · साइन क्ष: वर्ग काढला, साइन काढला, शेवटी गुणलं. गुणाकाराचा नियम.

साइन(क्ष^२ · ई^क्ष): आत गुणाकार आहे, पण शेवटी दाबलं जातं ते साइन. म्हणून आधी साखळी, आणि आतल्या भागाचा अवकलज काढताना गुणाकाराचा नियम: कॉस(क्ष^२ ई^क्ष) · (२क्ष ई^क्ष + क्ष^२ ई^क्ष).

(क्ष साइन क्ष)^३: शेवटी घन केला. आधी साखळी: ३(क्ष साइन क्ष)^२ · (साइन क्ष + क्ष कॉस क्ष).

क्ष साइन क्ष + लॉग क्ष: शेवटी बेरीज. दोन पदं सुटी करा, गुणाकाराचा नियम फक्त पहिल्या पदाला.

क्ष^क्ष: इथे पाया आणि घात दोन्हींत चल आहे, तेव्हा क्ष^न चा नियमही लागत नाही आणि ई^क्ष चाही नाही. दोन्ही बाजूंचा लॉग घ्या, लॉग य = क्ष लॉग क्ष. आता उजवीकडे साधा गुणाकार आला: य′/य = लॉग क्ष + १, म्हणजे य′ = क्ष^क्ष (लॉग क्ष + १). क्ष धन असायला हवा, एवढं लक्षात ठेवा.

नियम कधी लावू नये हेही तितकंच महत्त्वाचं. ५क्ष^३ मध्ये ५ स्थिर आहे. नियम लावला तरी ० · क्ष^३ + ५ · ३क्ष^२ असं तेच उत्तर येतं, पण त्यात काही अर्थ नाही. क्ष^२ · क्ष^३ असेल तर आधी क्ष^५ करा. (क्ष + १)(क्ष + २) गुणून टाकणं सोपं. मात्र (२क्ष + १)^५ · (३क्ष − २)^४ असलं काही समोर आलं तर चुकूनही विस्तार करू नका. नऊ घातांची बहुपदी हातात येईल आणि पुढे तिचे शून्यबिंदू सापडणार नाहीत. नियम लावा:

१०(२क्ष + १)^४ (३क्ष − २)^४ + १२(२क्ष + १)^५ (३क्ष − २)^३

आणि इथे थांबू नका. दोन्ही पदांत काय सामाईक आहे ते बाहेर काढा. प्रत्येक गुणकाचा लहान घात बाहेर येतो:

२(२क्ष + १)^४ (३क्ष − २)^३ · [५(३क्ष − २) + ६(२क्ष + १)]
= २(२क्ष + १)^४ (३क्ष − २)^३ (२७क्ष − ४)

आता अवकलज शून्य कुठे होतो ते नुसतं वाचता येतं: क्ष = −१/२, २/३, ४/२७. कमाल-किमान काढायच्या गणितांत खरी मेहनत या ओळीत असते. अवयव बाहेर काढल्यावर क्ष = ० घालून दोन्ही रूपांची किंमत पडताळा: पहिल्या रूपात १६० − ९६ = ६४, दुसऱ्यात २ · १ · (−८) · (−४) = ६४. जुळलं.

तीन गुणकांचं उत्तर छोटं आहे. दोघांना एक गट समजून नियम दोनदा लावला की मिळतं:

(फगम)′ = फ′गम + फग′म + फगम′

प्रत्येक पदात एकाच गुणकाचा अवकलज, बाकीचे जसेच्या तसे. जितके गुणक तितकी पदं, मोजून बघा. क्ष^२ · ई^क्ष · साइन क्ष साठी:

२क्ष ई^क्ष साइन क्ष + क्ष^२ ई^क्ष साइन क्ष + क्ष^२ ई^क्ष कॉस क्ष
= क्ष ई^क्ष (२ साइन क्ष + क्ष साइन क्ष + क्ष कॉस क्ष)

यातच एक जुनी ओळख भेटते. क्ष^न म्हणजे न वेळा क्ष. न पदं येतील, प्रत्येकात एक क्ष जाऊन १ येईल आणि क्ष^(न−१) उरेल. बेरीज न · क्ष^(न−१). न धन पूर्णांक असताना हा नियम वेगळा पाठ करायची गरजच नव्हती.

गुणक चार-पाच असले तर लॉग घेणं सोयीचं पडतं, कारण सगळ्याला य ने भागलं की

य′/य = फ′/फ + ग′/ग + म′/म + …

फ′/फ म्हणजे फ चा स्वतःच्या प्रमाणात वाढीचा दर. म्हणजे गुणाकारात सापेक्ष दरांची बेरीज होते. एका नगाची किंमत ३ टक्के वाढली आणि नग २ टक्के वाढले तर एकूण रक्कम साधारण ५ टक्के वाढते, ते याचमुळे. नेमका आकडा १.०३ × १.०२ = १.०५०६, म्हणजे ५.०६ टक्के, तो ०.०६ ओळखलात ना? आयताचा कोपराच आहे. लॉगची ही वाट मात्र जिथे एखादा गुणक शून्य होतो तिथे बंद होते, कारण शून्याने भागता येत नाही. अशा बिंदूला मूळ नियमच वापरा, त्याला काही अडत नाही.

कोपरा कायमचा गेला असंही समजू नका. दुसरा अवकलज काढताना तो परत येतो. फ′ग + फग′ यातल्या प्रत्येक पदाला पुन्हा नियम लावा:

(फग)′′ = फ′′ग + २फ′ग′ + फग′′

मधलं पद सोडून फ′′ग + फग′′ एवढंच लिहिण्याची चूक फार होते. आयतावर तपासा: क्षेत्रफळ (८ + ३ट)(५ + २ट) = ४० + ३१ट + ६ट^२, इथे ट म्हणजे वेळ. याचा दुसरा अवकलज १२. फ′′ आणि ग′′ दोन्ही शून्य आहेत, तेव्हा हा सगळा १२ मधल्या पदाचा, २ × ३ × २.

याही पुढे गेलात तर १, ३, ३, १ आणि मग १, ४, ६, ४, १ असे द्विपद विस्तारातले सहगुणक येत जातात. यालाच लायब्निझचं सूत्र म्हणतात. एक गुणक बहुपदी असला तर हे सूत्र फार कामाचं, कारण बहुपदीचे अवकलज लवकरच संपतात. क्ष^२ · ई^क्ष चा दहावा अवकलज हवा असेल तर तीनच पदं लिहायची: क्ष^२ ई^क्ष + १० · २क्ष · ई^क्ष + ४५ · २ · ई^क्ष, म्हणजे ई^क्ष (क्ष^२ + २०क्ष + ९०). दहा वेळा अवकलन करायचं कारण नाही.

भागाकाराबद्दल एवढंच: फ/ग ला फ · ग^(−१) समजून गुणाकाराचा नियम आणि साखळी लावली तर फ′/ग − फग′/ग^२ मिळतं, आणि छेद समान केला की पुस्तकातलं सूत्र. वजाबाकीत कोण आधी, असा घोळ ज्यांचा होतो त्यांनी हाच रस्ता धरावा.

एक सवय मात्र आग्रहाने सांगतो. फ′ग + फग′ यात गुणकांचा क्रम बदलू नका. पहिला नेहमी डावीकडे, दुसरा उजवीकडे. साध्या फलनांत याने उत्तराला फरक पडत नाही. पण पुढे सारण्या (मॅट्रिक्स) किंवा सदिशांचा क्रॉस गुणाकार आला की क्रम उलटला की उत्तरही बदलतं. सारणी अ साठी (अ^२)′ = अ′अ + अअ′, आणि याला २अअ′ म्हणता येत नाही, कारण अ′ आणि अ यांची जागा सहसा बदलता येत नसते. हात आत्तापासून क्रमाने चालला तर तेव्हा नव्याने शिकावं लागणार नाही.

शेवटी पडताळा कसा घ्यायचा ते. एखाद्या बिंदूच्या थोडं पुढची आणि थोडं मागची किंमत काढा, वजाबाकी करा आणि मधल्या अंतराने भागा. एकाच बाजूने अंतर घेण्यापेक्षा हे बरंच अचूक येतं. कारण आयतातच दिसतं: ८.३ × ५.२ − ७.७ × ४.८ = ४३.१६ − ३६.९६ = ६.२, आणि ६.२ ÷ ०.२ = ३१ बरोब्बर. कोपरा दोन्हींकडे तेवढाच येतो आणि वजाबाकीत कटून जातो. न्यूटनने गुणाकाराचा नियम मांडताना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा बदल घेण्याची हीच युक्ती वापरली होती, आणि १७३४ साली तत्त्वज्ञ बर्कलीने तिच्यावरच बोट ठेवलं, की पूर्ण वाढ एका बाजूला घेतली तर तो जास्तीचा तुकडा उरतोच. सिद्धता म्हणून त्याचा आक्षेप रास्त होता. पडताळ्यासाठी मात्र युक्ती उत्तम आहे.

तुमच्या गणितात पडताळ्यासाठी क्ष = ० घेऊ नका. तिथे २क्ष साइन ३क्ष हे पद शून्य होतं, त्यामुळे ते लिहायचं राहिलं असलं तरी कळणार नाही. क्ष = १ घ्या. ०.००१ पुढे आणि मागे:

य(१.००१) = २.००२००१ × साइन ३.००३ ≈ ०.२७६५७५
य(०.९९९) = १.९९८००१ × साइन २.९९७ ≈ ०.२८७८९१

वजाबाकी −०.०११३१५ च्या आसपास, तिला ०.००२ ने भागलं की सुमारे −५.६५८. आणि सूत्राने २ साइन ३ + ६ कॉस ३ = ०.२८२२ − ५.९४०० = −५.६५७७. जुळतं.

न जुळलं तर आलेली संख्याच चूक दाखवते. तुमच्या सूत्रातून −५.९४ येत असेल तर तुम्ही पुन्हा फ′ग′ लिहिलंय. −१.६९८ येत असेल तर ग′ मधला ३ सुटलाय. सूत्र बरोबर आहे आणि तरी वजाबाकीचा रस्ता ०.२०९ च्या आसपास उत्तर देतोय, तर गणित पुन्हा करत बसू नका. कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे, तो रेडियनवर आणा.